ओफूच्या डोहातली प्रवाळं

एपिसोडमध्ये घाईत राहून गेलेली एक गोष्ट. पाणी जास्त तापलं की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. अन्न पुरवणारं तेच, म्हणजे ही उपासमारच. मग अमेरिकन सामोआतल्या ओफू बेटावर, ओहोटीला ३४ अंशांपलीकडे तापणाऱ्या उथळ डोहात, प्रवाळं टिकतात कशी?

स्टॅनफर्डचे स्टीफन पालुम्बी आणि सहकाऱ्यांनी हे जनुकांत शोधलं. २०१३ साली दिसलं ते असं: उष्णता वाढल्यावर इतर प्रवाळं जी जनुकं घाईघाईने कामाला लावतात, त्यांतली ६० इथे आधीपासूनच जोरात चालू होती. पावसाआधी घर शाकारून ठेवावं, तसं.

२०१४ मध्ये पुढचा प्रयोग छापून आला. कमी तापणाऱ्या डोहातली प्रवाळं या डोहात आणली, तर दोन वर्षांच्या आत त्यांचीही सहनशक्ती वाढली. पण मूळच्या रहिवाशांइतकी नाही. थोडं सवयीने जमतं, उरलेलं मुळातच असावं लागतं.

आणि सवयीलाही उसंत हवी. त्याच २०१४ मध्ये जगभर प्रवाळं पांढरी पडण्याची तिसरी मोठी लाट सुरू झाली. ती २०१७ पर्यंत ओसरली नाही.