रेडिएटरचं माप पंख्यानं ठरवलं
२००० च्या सुमारास संगणक पाण्यानं थंड करू पाहणारे हौशी लोक मोटारीच्या हीटरचा तांब्या-पितळेचा गाभा काढून रेडिएटर म्हणून वापरत, त्यावर पत्र्याचं आवरण चढवून पंखा बसवत. पुढं कारखान्यांनी १२० मिलिमीटरचा पंखाच एकक धरला. १२०, २४०, ३६० ही मापं त्यातूनच आली. हे आकडे उष्णतेचे नव्हेत, जागेचे आहेत. कुणी म्हणेल, मोठा रेडिएटर केव्हाही सरस. ऐसपैस कॅबिनेटमध्ये ते खरंच आहे. पण व्हिया कंपनीनं २००१ मध्ये १७ सेंटिमीटर बाजूचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणला आणि कॅबिनेटं आक्रसत गेली. तिथं २४० चा रेडिएटर ग्राफिक्स कार्डाला भिडला, की हवा कोंडते आणि वाढीव क्षेत्रफळ फुकट जातं. तेव्हा आधी पंख्याची नि रेडिएटरची एकत्रित जाडी मोजा, मगच आकडा निवडा.