साखरेवरचा आळ

पोटात गुबारा धरला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘गोड कमी खा.’ साखरेवरचा हा आळ तपासू या, तोही सेवाग्रामशी नातं असलेला एक जुना आहारतक्ता पुढे ठेवून.

गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले. तेच पुढे सेवाग्राम झालं. आश्रमात आहाराचे प्रयोग सतत चालत. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर पुस्तिका लिहिली. बैठं काम करणाऱ्यासाठी तिच्यात रोजचं माप आहे: गाईचं दूध २ पौंड, गूळ किंवा साखर दीड औंस. दीड औंस म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम. आता दुधाकडे पाहा. त्यातही एक साखर असते, लॅक्टोज, आणि २ पौंडांत तीही जवळपास तेवढीच भरते. तोल सारखा, पोटातली गत मात्र निराळी.

उसाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. लहान आतड्याच्या अस्तरावरचं सुक्रेज हे विकर ती सोडवतं. एकट्या फ्रुक्टोजचं शोषण अनेकांत रखडतं, पण सोबत तेवढंच ग्लुकोज असलं की ते सुकर होतं. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला फारसं उरत नाही. लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज मात्र आपल्याकडे अनेकांत वयाबरोबर घटतं. मग न पचलेलं लॅक्टोज पाणी ओढतं, आंबतं, वायू करतं.

अशा आंबणाऱ्या शर्करांना मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ मध्ये ‘फॉडमॅप’ हे नाव दिलं. त्यांत मधातलं जास्तीचं फ्रुक्टोज येतं, गहू-कांदा-लसणातली फ्रुक्टान्स येतात, आपल्या लाडक्या तुरीच्या वरणातल्या शर्कराही येतात. साधी साखर येत नाही. त्यामुळे सेवाग्रामजवळच्या वर्ध्याचं गोरसपाक बिस्किट खाऊन पोट फुगलं, तर मी आधी त्यातल्या गव्हाकडे बोट दाखवीन.

मधुमेहाचं पथ्य वेगळं, ते यानं सैल होत नाही. सुक्रेजच जन्मतः कमी असलेली माणसंही असतात. ग्रीनलंडच्या इन्युइटांत ती बरीच आढळतात. त्यांना साखरही सोसत नाही. म्हणून फॉडमॅपची यादी पाठ करण्यापेक्षा पद्धत शिका: आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली २ ते ६ आठवडे फॉडमॅपचे पदार्थ वर्ज्य, मग एका वेळी एकच पदार्थ परत, थोड्या मापानं, रोजची नोंद ठेवून. सुरुवात वरणापासून केलीत तरी चालेल.