कलाभवनाचा आराखडा

बडोद्यातल्या मराठी वाचकाला कलाभवन कुठे आहे हे सांगण्याची गरज नाही. सयाजीराव महाराजांची एक मोठी देणगी म्हणून आपण त्याचे नाव घेतो, दादासाहेब फाळके तिथे शिकले हे अभिमानाने सांगतो, आणि पुढे जातो. पण ज्या आराखड्यातून कलाभवन निघाले तो या इमारतीपेक्षा पुष्कळ मोठा होता. त्यातला जो भाग उभा राहिला नाही, त्याकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. उद्याच्या कामासाठी आजच्या मुलांना कसे तयार करावे, हा प्रश्न त्या भागात आजच्यापेक्षाही नीट मांडलेला होता, असे माझे मत आहे.

प्रथम त्या काळचे रंगाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणा. आल, मंजिष्ठा, नीळ, हिरडा हे त्याचे भांडवल. १८६९ च्या सुमारास जर्मनीत ॲलिझरिन हा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, आणि थोड्याच वर्षांत तो डब्यांतून आपल्या बाजारात येऊ लागला. कृत्रिम नीळ १८९७ साली विक्रीला आली. मुंबई-अहमदाबादेत गिरण्या वाढत होत्या. त्यांना रंगखात्यासाठी माहीतगार माणूस हवा होता, आणि तो बहुधा परदेशातून आणावा लागे. म्हणजे एकीकडे काम वाढत होते आणि दुसरीकडे त्याच कामातला पिढीजात माणूस बेकार होत होता.

इथे एक बारकावा आहे. आलीचा लाल रंग कापडावर पक्का बसावा म्हणून रंगारी तुरटी वापरत असे. डब्यातल्या ॲलिझरिनलाही तुरटीच लागते. हिरड्याच्या काढ्याला हिराकस लागला की काळा रंग उतरतो, हेही तो जाणत होता. तेव्हा नव्या विद्येचा अर्धा भाग त्याच्या हातात आधीच होता. त्याच्यापाशी नव्हते ते माप, आणि तुरटी व हिराकस दोन्ही एकाच जातीचे काम करतात हे सांगणारी भाषा. डब्यावरची सूचना परकी होती आणि रसायनशास्त्राची पुस्तके इंग्रजीत.

बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी हे नेमके ओळखले. ते सुरतेचे, सुतार-बांधकामाची परंपरा असलेल्या घरातले. गुजरातीत गज्जर म्हणजे सुतारच. कारागिराची अडचण त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. त्यांच्या आराखड्यात देशी भाषांतली शास्त्रीय परिभाषा आणि पुस्तके हा पाया होता. त्यावर राज्यभरच्या गावांतून त्या त्या ठिकाणच्या धंद्याला जुळणाऱ्या शाळा, आणि शिखरावर कलाभवन. पुस्तकांसाठी महाराजांनी पन्नास हजार रुपये मंजूर केले आणि सयाजी ज्ञानमंजूषा ही गुजराती माला निघाली. रंगाच्या विद्येला वाहिलेले ‘रंगरहस्य’ नावाचे नियतकालिकही गज्जरांनी काढले. रंगाऱ्यांसाठी त्यांच्याच भाषेत नियतकालिक, ही कल्पना आजही किती धंद्यांच्या बाबतीत आपण प्रत्यक्षात आणली आहे?

१८९० साली कलाभवन सुरू झाले. चित्रकला, शिल्प, सुतारकाम, यंत्रविद्या, विणकाम असे विषय होते; पण नाव झाले ते रंगशाखेचे. रंग विकणाऱ्या जर्मन कंपन्यांनाही इथे जाणकार तयार व्हायला हवेच होते, कारण जाणकारावाचून माल खपत नाही. गज्जरांनी त्यांच्या या स्वार्थाचा उपयोग करून घेतला. इथले विद्यार्थी गिरण्यांच्या रंगखात्यांत गेले. फाळके मात्र कुणाच्याही हिशेबात न बसणारे. त्र्यंबकेश्वरचा हा तरुण इथे चित्रकला, छायाचित्रण, छपाईची तंत्रे असे जे मिळेल ते शिकला, आणि १९१३ साली त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. १८९० साली कुठल्याही नियोजनकाराने चित्रपटाच्या धंद्यासाठी जागा राखून ठेवली नसती. तो धंदाच अस्तित्वात नव्हता.

पुढे मतभेद झाले. गज्जरांना शास्त्राचा पाया आणि शाळांचे जाळे हवे होते. दरबारातल्या अनेकांना ठरावीक खर्चात लवकर हाताशी येणारी माणसे हवी होती. १८९६ साली गज्जर बडोदे सोडून मुंबईला गेले. (त्याच वर्षी मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला चाफेकरांनी डांबर फासले. अनेकांनी हात टेकल्यावर तो स्वच्छ करून दिला गज्जरांनी. रसायनशास्त्राची एवढी जाहिरात त्या काळात दुसऱ्या कशाने झाली नसेल.) त्यांच्यामागे गावोगावच्या शाळांचे ते जाळे त्यांच्या कल्पनेप्रमाणे उभे राहिले नाही. शिखर राहिले, पाया अर्धा राहिला.

दरबाराला यात सर्वस्वी दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते राज्यभर नेले. मधे छप्पनचा दुष्काळ होऊन गेला. अक्षरओळखच नसेल तर ज्ञानमंजूषा कोण उघडणार? पण परिणाम लपत नाही. रंगाऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा घरच्या कढईपाशी उभा राहून कमावत होता. त्याला काही वर्षे कलाभवनात पाठवायचे म्हणजे घरातली एक मिळकत बंद करायची. गावातच, त्याच्या वेळेला, त्याच्या बोलीत शाळा असती तर गोष्ट वेगळी होती. शहरातल्या संस्थेचा लाभ घ्यायला मुख्यतः आधीच शाळेत गेलेल्या, लेखणीवर जगणाऱ्या घरांतली मुले पुढे आली. यात आपली मराठी पांढरपेशी घरेही होतीच. उद्या कोणते कौशल्य लागेल याचा अंदाज बरोबर ठरला. ते कोणाच्या हाती जाईल, याची तजवीज मात्र शहराबाहेर पोचली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली, आयटीआय निघाल्या. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत पन्नास कोटी लोकांना कुशल करण्याचे लक्ष्य ठेवले. आकडा मोठा होता. कोणत्या भाषेतल्या कोणत्या पुस्तकातून, हा गज्जरांचा पहिला प्रश्न त्या आकड्याखाली दबून गेला. आजही आयटीआयच्या एखाद्या मुलाला विचारा: हाताने तो काम झटकन करून दाखवतो, ते तसेच का करायचे हे सांगताना अडखळतो, कारण तो भाग त्याने न उमगलेल्या इंग्रजीतून पाठ केलेला असतो. वायरमनची विद्या मराठीत चांगली लिहिलेली आहे का, हे आपल्यासारख्या साहित्यसंस्थांनी कधी तपासले आहे? कादंबरीवर आपण दरवर्षी व्याख्यान ठेवतो.

१९०७ साली बडोद्यात ॲलेंबिक केमिकल वर्क्स उभे राहिले. उभारणाऱ्यांत भाईलालभाई अमीन आणि कोटिभास्कर होते, एक गुजराती, एक मराठी. दोघेही गज्जरांच्या हाताखाली तयार झालेले. १९४९ साली कलाभवन नव्या विद्यापीठाच्या तंत्रविद्याशाखेत सामील झाले, आणि तिथली शिकवण्याची भाषा इंग्रजी झाली.