उत्तर देणाऱ्या मुली

हातातली कामं आटोपली असतील तर रेडिओ जरा जवळ घ्या. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे सौंदर्यस्पर्धांचा. "आपल्याले काय करा लागते त्याचं, ताई?" असं गटाच्या बैठकीत मला आधीच ऐकवून झालं आहे. पण संबंध आहे. पोरीला रंगावरून, अंगकाठीवरून, बोलण्यावरून चिडवणं आपल्याकडे घरातूनच सुरू होतं. काळी, फोपशी, काडी, लंबू. पुढे तेच एस्टीत, तेच शाळेत. माझ्या गटातल्या एका बाईची मुलगी स्नेहसंमेलनात एकदा बोलताना अडखळली, पोरं हसली, आणि तिनं वर्गात हात वर करणंच सोडून दिलं. म्हणून आज अशा काही बायांची गोष्ट सांगते, ज्यांच्यावर लोक हसले होते.

पहिली रीटा फारिया. कुटुंब मूळचं गोव्याचं, जन्म मुंबईचा. उंची पाच फूट आठ इंच, आणि शाळेत पोरं त्या उंचीवरूनच चिडवायची. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरकी शिकत असताना १९६६ साली ती लंडनला मिस वर्ल्ड स्पर्धेला गेली. जाताना साडी उसनी, पोहण्याचा पोशाखही उसना. आपण लग्नाला जाताना शेजारणीची पैठणी मागतो, तसंच म्हणा ना! तिथं ती जिंकली. आशियातून मिस वर्ल्ड झालेली ती पहिली. वर्षभराची जबाबदारी संपली तशी ती पुन्हा पुस्तकांकडे वळली आणि डॉक्टर झाली. सिनेमाकडे गेलीच नाही. मला तिची ही गोष्ट मुकुटापेक्षा जास्त आवडते.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. मधू सप्रे मूळची नागपूरची, मराठी घरातली, मैदानावर वाढलेली खेळाडू मुलगी. १९९२ साली ती मिस इंडिया झाली आणि मिस युनिव्हर्सच्या स्पर्धेसाठी बँकॉकला गेली. शेवटच्या फेरीत प्रश्न आला, की तू देशाची प्रमुख झालीस तर पहिलं काम काय करशील? अशा वेळी गरिबी हटवीन, भूक मिटवीन, असं गोड बोलायची रीत असते. मधूनं सांगितलं, खेळाचं चांगलं मैदान बांधीन. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅकलीनला गेला, मधू तिसरी आली.

तिसरी म्हणजे काही थोडकं नव्हे. पण इकडे तिच्या त्या एका उत्तराची टिंगल सुरू झाली, ती पुढे कितीतरी वर्षं चालली. त्या उत्तरानं मुकुट घालवला म्हणे! तिच्या इंग्रजीवरही लोक हसले. मराठी बोलत वाढलेली मुलगी परक्या भाषेत, सगळ्या जगासमोर, मनातलं बोलली, याचं कौतुक फार थोड्यांना वाटलं. गरिबी एका वर्षात हटत नाही, मैदान मात्र होऊ शकतं, हा साधा हिशेब आहे. आपण गटात कर्ज देताना हेच विचारतो ना, की बाई, या पैशात नेमकं काय होईल ते सांग? मधूनं ते उत्तर पुढेही मागे घेतलं नाही.

आणि अमरावतीकरांना तर ते उत्तर वेडेपणाचं वाटायलाच नको. आपल्या गावात १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथले खेळाडू आपले देशी खेळ जगाला दाखवून आले. मैदानानं गावाचं नाव कुठवर जातं, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

दुसरी गोष्ट शेजारच्या जळगावची, पण ती अमरावतीला येऊन मिळते. १९६२ साली तिथल्या मूळजी जेठा महाविद्यालयातल्या मुलीला 'कॉलेज क्वीन' निवडलं गेलं. ती टेबल टेनिसही छान खेळायची. त्याच वर्षी, सत्तावीस वर्षांची असताना, ती आमदार झाली. त्या म्हणजे प्रतिभाताई पाटील. लग्न होऊन अमरावतीच्या शेखावत घराण्यात आल्या, १९९१ साली अमरावतीच्या खासदार झाल्या आणि २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. नटणारी पोरगी कामाची नसते, असं कोणी म्हणालं तर एवढं एक उदाहरण पुरे.

याचा अर्थ या स्पर्धा धुतल्या तांदळासारख्या आहेत असं नाही. १९७० साली लंडनमध्ये मिस वर्ल्ड चालू असताना बायांनीच सभागृहात पीठ उधळून निषेध केला. बाईला बाजारातल्या जनावरासारखं काय मापता, हा त्यांचा सवाल होता. १९९६ साली बंगळूरला ती स्पर्धा झाली तेव्हाही मोठा विरोध झाला, पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. त्या बायांचं म्हणणं मला पटतं. गोरेपणाच्या क्रीमनं या मुकुटांच्या जोरावर किती पैसा ओढला, ते आपल्या किराणा दुकानातल्या पुड्यांवरून दिसतंच. तरी मंचावरची मुलगी आणि तिला मापणारे यांत मी फरक करते.

मुकुट मिळाला म्हणून चिडवणं थांबतं असंही नाही. पंजाबची हरनाझ संधू शाळेत असताना बारीक म्हणून चिडवली गेली. २०२१ साली ती मिस युनिव्हर्स झाली, तेव्हा मंचावर तिनं तरुणांना स्वतःवर विश्वास ठेवा, स्वतःसाठी बोला, असंच सांगितलं. पुढच्याच वर्षी वजन वाढलं म्हणून लोक तिच्यावर तुटून पडले. तिनं लपवलं नाही. मला गहू न चालण्याचा आजार आहे, हे तिनं उघड सांगितलं. बारीक असली तरी हसायचं, भरली तरी हसायचं. माय, करावं तरी काय पोरीनं?

हसण्याची किंमत केवढी असते, ते आपल्या वऱ्हाडाला जुनं ठाऊक आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. एका विधवेला साऱ्या जगानं नावं ठेवली, तेव्हा ताराबाईंनी उलट पुरुषांनाच जाब विचारला. लोकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. जोतिबा फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले, पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक कधी आलं नाही. ते पहिलं पुस्तकही लोक विसरले, १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं तेव्हा कुठे आपल्या हाती आलं. नव्वद वर्षांहून जास्त काळ!

आता कामाचं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, आणि शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला चिडवून त्रास देणंही त्यात येतं. तक्रार लेखी द्या. ती आल्यावर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. लहान मुलांसाठी १०९८ हा फोन आहे, पैसे लागत नाहीत. आणि मोठ्या बायांसाठी महिला ग्रामसभा आहे, ती मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते. तिथं बोलायला जीभ सुटली की मोठ्या सभेत पदर तोंडावर जात नाही.

आमच्या किशोरी मुलींच्या बैठकीत आम्ही मधूचा तो प्रश्न जरा बदलून विचारतो, की तू सरपंच झालीस तर पहिलं काम काय? नियम एकच, उत्तर पूर्ण होईपर्यंत कोणी हसायचं नाही. मागच्या महिन्यात नववीतली एक मुलगी उठली. म्हणाली, "संध्याकायची एस्टी फाट्यावर सोडते, तिथं अंधार असते. मी पयले तिथं लाईट लावीन." मागून कोणीतरी फिसकन हसलंच. ती थांबली, मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "माह्यं झालं नाही अजून." मग तिनं खांबाचा खर्च सांगायला सुरुवात केली.