चुलीची उंची आणि मुलांचे भाजणे



रामपायलीचा परिसर हा धानाचा मुलूख. भाताचे आधण आणि जमिनीलगतची चूल यांचा सहवास येथे पिढ्यान्‌पिढ्यांचा. रांगते मूल व अग्नी एकाच पातळीवर असत. म्हणून मूल भाजले की ‘खोडकर होते’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. दोष मुलाच्या स्वभावात नसून घराच्या रचनेत होता.

साधने बदलली, तसे अपघातांचे रूपही बदलले. मातीच्या तेलाची चिमणी कलंडे आणि कपडे पेटत. श्रीलंकेचे शल्यविशारद विजय गोडाकुंबुरा यांनी सहसा न कलंडणारा, बुटका व जड दिवा घडविला. १९९८ साली त्यांना रोलेक्स पुरस्कार लाभला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने खेडोपाडी गॅस पोचविला. अनेक घरांत शेगडी ओट्यावर चढली. परंतु उकळता चहा, गरम पेज, अंघोळीचे कढत पाणी उरलेच. लहानग्यांत आजही ज्वाळेने भाजण्यापेक्षा कढत द्रवाने पोळणेच अधिक आढळते.

अशा वेळी शाई वा टूथपेस्ट नको. वीस मिनिटे वाहते गार पाणी, मग दवाखाना. हा धडा प्रत्येक विद्यार्थ्याने घरी न्यावा, हीच दिवंगतांच्या स्मृतीस खरी आदरांजली होय.