अमरकोशातील शब्दार्थसंबंध

अमरसिंहाच्या ‘नामलिंगानुशासन’ या संस्कृत पद्यकोशाचे रूढ नाव अमरकोश. कर्त्याचा काळ निश्चित नाही. सर्वसाधारणपणे तो इ. स. सहाव्या शतकाच्या सुमारास झाला, असे मानतात. अर्थानुसार शब्द एकत्र करण्याची प्रथा त्याच्यापूर्वीची आहे. वैदिक निघंटूत पृथ्वीची २१ व पाण्याची १०१ नामे एकत्र दिली आहेत. अमराने मात्र समानार्थी शब्दांचे गट परस्परांशी जोडून तीन कांडांत त्यांची मांडणी केली. एक गट संपून दुसरा सुरू झाल्याची खूण ‘तु’ आणि ‘अथ’ या अव्ययांनी होते. हा संकेत ठाऊक नसल्यास भिन्नार्थी शब्द पर्याय म्हणून वाचले जाण्याचा धोका असतो.

कोलब्रुक याने या कोशाची इंग्रजी अनुवादासह आवृत्ती १८०८ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे छापून घेतली. पीटर मार्क रॉजे याने १८५२ च्या आपल्या इंग्रजी पर्यायकोशाच्या प्रस्तावनेत तिची दखल घेतली. समुद्र, भूमी, नगरे, वनस्पती व प्राणी यांच्या वर्गीकरणाचे त्याने कौतुक केले. परंतु पहिल्याच वर्गात देव, दानव, अग्नी, वायू, वेग, सातत्य आणि ‘पुष्कळ’ हे सारे एकत्र पाहून ही मांडणी त्याला गोंधळाची वाटली. हा आक्षेप पूर्णतः न्याय्य नाही. अग्नी व वायू हे दिक्पाल असल्याने स्वर्गवर्गात येतात. वायूवरून वेग, वेगावरून शीघ्रता, त्यावरून सातत्य, मग अतिशयता असे शब्द ओघाने येतात आणि पुढे कुबेरापासून दिक्पालांची मालिका पुन्हा सुरू होते. रॉजेने संकल्पनांची तार्किक उतरंड रचली. अमराने साहचर्य प्रमाण मानले. विष्णूच्या नावांनंतर लक्ष्मी, शंख, चक्र व गरुड येतात, तेही याच न्यायाने. पाठांतरासाठी रचलेल्या कोशाला ही पद्धत विशेष सोयीची होती.

वनौषधिवर्गात आधी वृक्ष, मग मूळ, फांदी, पान, फूल, फळ हे अवयव आणि त्यानंतर वृक्षांचे प्रकार आहेत. मनुष्यव्यवहाराचे शब्द मात्र चातुर्वर्ण्यानुसार विभागले आहेत: दुर्ग, हत्ती व सैन्य क्षत्रियवर्गात, शेती व व्यापार वैश्यवर्गात, तर कारागिरी शूद्रवर्गात. त्यामुळे या ठिकाणी शब्दार्थांच्या संबंधांइतकीच तत्कालीन समाजरचनाही नोंदली गेली आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने अमराची वर्गपद्धती स्वीकारली. पण त्याचे दहा वर्ग राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे राज्यकारभाराला अनुसरून आहेत.

नानार्थवर्गात अनेकार्थी शब्द येतात. तेथील क्रम अर्थाचा नसून शब्दातील अंत्य व्यंजनाचा आहे. एका शब्दाचे विविध अर्थ एकमेकांशी कसे निगडित आहेत, याची चर्चा अमर करीत नाही. तो भार भानुजी दीक्षितादी टीकाकारांच्या व्युत्पत्तींवर पडला. पर्यायगटांमधील अनुक्त संबंध अलीकडे संगणकासाठी स्पष्ट करण्यात आले. हैदराबाद विद्यापीठातील शिवजा नायर व अंबा कुलकर्णी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अवयव-अवयवी, पर-अपर, जन्य-जनक, पति-पत्नी व स्व-स्वामी असे संबंध नोंदविले आहेत. लक्ष्मी व गरुड ही दोन्ही नावे विष्णूलगतच येत असली, तरी या नोंदीत त्यांचे संबंध अर्थातच वेगळे ठरतात.