पेशीतला शेजारधर्म

रामनवमीला आमच्या पोहरादेवीस संत सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी बंजारा समाजाचा केवढा मेळा लोटतो! कोणत्याही जत्रेत एका पाळण्याला चिकटून दुसरा पाळणा कोणी उभारीत नाही. थोडे दूर गेले की मात्र ही आडकाठी उरत नाही. सजीवांच्या पेशीतही असाच शेजारधर्म चालतो, आणि त्याचा हिशेब पुण्यात बसून एका गणिताच्या अध्यापकाने मांडला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

बीजपेशी तयार होताना आईबापांकडून आलेली गुणसूत्रे जोडीने जवळ येतात व आपापसांत तुकडे बदलतात. जवळची जनुके सहसा एकत्र राहतात, लांबची विलग होतात. या विलग होण्याच्या प्रमाणावरून 1913 साली अमेरिकेत मॉर्गन यांचे शिष्य स्टर्टव्हंट यांनी फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला. पण दोन जनुकांमध्ये दोनदा अदलाबदल झाली, तर ती पुन्हा एकत्रच सापडतात आणि अंतर खऱ्याहून कमी भासते. 1919 मध्ये हॉल्डेन यांनी यावर दुरुस्तीचे सूत्र दिले. त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. शेजाराचा धाक जमेस धरला नव्हता.

तो धरला दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद यांचे हे चिरंजीव 1907 साली गोव्यात जन्मले, हार्वर्डला शिकले आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. 1944 मध्ये ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात त्यांचा अवघ्या चार पानांचा निबंध आला. एक अदलाबदल जवळच दुसरी होऊ देत नाही, अंतर वाढेल तसा हा अटकाव ओसरतो, हे त्यांनी सूत्रात बसविले. शंभरांत वीस वेळा जनुके विलग झाली, तर हॉल्डेन यांच्या हिशेबाने अंतर सुमारे 25.5 येते, कोसंबींच्या हिशेबाने 21.2. दुहेरी अदलाबदलीच कमी, म्हणून दुरुस्तीही कमी.

नाणी तोलून इतिहास वाचणारे कोसंबी आपण ओळखतो. 1966 साली ते गेले. पण कापसाच्या नि सोयाबीनच्या जनुकांचे नकाशे काढणारे शास्त्रज्ञ आजही त्यांचे सूत्र वापरतात. हीच पिके आमच्या वऱ्हाडाच्या शिवारात उभी असतात. मोठ्या प्रयोगशाळेवाचून मोठे काम होत नाही, असे मुले म्हणतात, तेव्हा मी त्यांना या चार पानांची गोष्ट सांगतो. निसर्ग नीट पाहणाऱ्याला कधी कधी कागद नि पेन्सिलही पुरते.